पाणी दिल्यावर

सासूबाईंनी सगळ्यात आधी माझ्या यजमानांची गादी उसवली. तेरावा नुकताच झाला होता. पाहुणे गेले होते आणि दुर्गाघाटच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो होतो. कापूस पलंगावर, जमिनीवर, देवांच्या कोनाड्यापर्यंत उडाला. त्या मूठमूठ कापूस विलग करून बोटांनी चाचपत होत्या. मी दारात उभी होते. मदत करत नव्हते, थांबवतही नव्हते. त्या कापसात चिठ्ठी निघालीच, तर ती मला त्यांच्या आधी बघायची होती.

चिठ्ठी यजमानांनी लिहून ठेवलेली होती, अशी आमची समजूत होती. ते गेले त्या दुपारी इस्पितळात त्यांच्याजवळ घरचं कोणी नव्हतं. टायफॉइड उलटला होता आणि ते तापात बरळत असायचे. मी घरून पेज घेऊन निघाले होते आणि माझी रिक्षा चौकातल्या गर्दीत अडकली होती. सासूबाईंना डॉक्टरांची फेरी म्हणून वॉर्डाबाहेर बसवलं होतं. यजमानांजवळ होती ती वॉर्डातली आया, गंगेपलीकडच्या एका गावची. तिने सासूबाईंना त्यांचे शेवटचे शब्द सांगितले आणि मी पोचल्यावर सासूबाईंनी ते मला सांगितले.

"म्हणाला, पाणी दिल्यावर चिठ्ठी द्या. भुलू नका. परत परत तेच म्हणाला म्हणे."

एवढंच. मी पेजेचा डबा हातात धरून उभी होते आणि मला पहिला विचार आला तो असा, की कोणाला?

काशीत पाणी देण्याला बाकीचे अर्थ राहत नाहीत. आमच्या गल्लीतून खाली उतरलं की सकाळपासून कोणी ना कोणी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून आपल्या माणसांना पाणी देत असतो. घरात शेवटची घटका आलेल्याच्या तोंडात गंगेचं पाणी देतात, गेल्यावर दहा दिवस देतात, मग दरसाल देतात. आमच्या आळीतल्या निम्म्या मराठी घरांचं पोटही तेव्हा त्याच पाण्यावर चालत होतं. माझे सासरेही याज्ञिक होते. तेव्हा "पाणी दिल्यावर" म्हणजे काय, हे आम्हाला कोणाला विचारावं लागलं नाही. मी गेल्यावर, माझं सगळं झाल्यावर, चिठ्ठी द्या.

दहाव्याला कावळा शिवेना. चुलत दिरांनी पिंड मांडला आणि ते हात जोडून मागे सरले. कावळे होते. भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत होते. खाली मात्र एकही उतरत नव्हता. आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर होतो. दीर एकेक बोलायला लागले, जसं बोलतात तसं. आईला अंतर देणार नाही. वहिनीला कमी पडू देणार नाही. तुझी पुस्तकं नीट ठेवू. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि वरूनच ओरडल्या, "अरे, चिठ्ठीचं म्हण! शोधून पोचवीन म्हण!"

दीर म्हणाले. "तुझी चिठ्ठी शोधू, ज्याची त्याला पोचवू."

कावळा उतरला.

त्याला भूक लागली असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी शिकलेली आहे, संस्कृत घेऊन एम.ए. झालेली आहे, आणि ग्रंथांत कावळ्याबद्दल काय लिहिलं आहे तेही मला ठाऊक आहे. पण त्या सकाळपासून त्या घरात शोक मागे पडला आणि शोध पुढे आला. मेलेल्या मुलाला दिलेला शब्द सासूबाईंच्या डोक्यावर बसला, आणि तो पुरा करण्याचं साधन सापडत नव्हतं.

गादीनंतर उशा झाल्या. मग ट्रंका, पोथ्यांची फडकी, सासऱ्यांच्या पूजेची पेटी, पिठाचा डबा. पिठाच्या डब्यात कोणी चिठ्ठी ठेवेल का, असं मी म्हणाले नाही, कारण तो डबा मी आदल्या दिवशीच पाहिला होता. यजमानांच्या पुस्तकांचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक पुस्तक उलटं धरून झटकायची. मातीवरची, तणांवरची, तेलबियांवरची जाड इंग्रजी पुस्तकं. त्यांतून वाळलेल्या मोहरीच्या पाकळ्या गळायच्या, कधी एखादी शेंग. पिवळा रंग गेलेला, कागदासारखं झालेलं काहीतरी पदरात पडलं, की मी ते उलटसुलट करून अक्षरं शोधायची.

त्यांचं काम मोहरीवर होतं. इथे तिला सरसों किंवा राई म्हणतात. विद्यापीठाच्या शेतावर त्यांनी जमिनीचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनापुढे बांबूची खुंटी ठोकून पत्र्याची चिठ्ठी... इथेही तोच शब्द येतो, तर पत्र्याची पट्टी अडकवलेली होती. कोणत्या चौकोनाला किती पाणी, किती नत्र, ते त्या पट्टीवर. काहींना पाणी बिलकूल नाही, काहींना फुलं येण्याच्या आधी एकदा, काहींना पुन्हा शेंगा भरताना. नत्राचंही तसंच: शून्य, थोडं, बेताचं, भरपूर. अर्धं पेरतानाच द्यायचं, आणि उरलेलं पहिलं पाणी दिल्यावर.

लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात ते मला सायकलच्या मागे बसवून तिथे न्यायचे. मी विचारायची, सगळ्यांना सारखं भरपूर का देत नाही? त्यावर ते खुश व्हायचे. कोरड्या तोंडाला लाडू दिला तर गिळेल का कोणी, असं म्हणायचे. पाणी नसेल तर नत्र मातीत तसंच पडून राहतं, मुळांना ते उचलता येत नाही. नुसतं पाणी दिलं आणि नत्र नाही, तर झाड उंच होतं पण फिकं राहतं, शेंगा कमी धरतात. दोन्ही भरपूर दिली की पाला माजतो, त्यावर माव्याची कीड पडते, वारा आला की पीक आडवं. आणि दाणा वाढला तरी दाण्यातल्या तेलाचं प्रमाण जरा उतरतं. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, जणू मोहरीची घरातली गोष्ट बाहेर सांगत आहेत.

नत्र कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी पडतात, हेही त्यांनीच दाखवलं होतं. झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं. मी वाकून ती पानं पाहिली होती. वर हिरवं, खाली पिवळं.

असा माणूस. त्याने कोणासाठी चिठ्ठी लिहून ठेवली असेल?

शेजारच्या काकूंनी तो प्रश्न सोडवून टाकला. त्या हळदीकुंकवाच्या नव्हे, चहाच्या निमित्ताने आल्या होत्या, आणि सासूबाई पोथ्या परत बांधत होत्या.

"अहो, रोज समोर असतं त्याला कोणी लिहितं का?" काकू म्हणाल्या. "आईला सांगायचं तर तोंडाने सांगतं माणूस. बायकोला सांगायचं तर रात्र पडलीये सगळी. लिहावं लागतं ते दूरच्याला."

"तुमचं दूरचं कोणी असेल," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचं नव्हतं."

"मी कुठे काय म्हणतेय? मी आपलं हिशेबाने बोलले."

काकू चहा पिऊन गेल्या. हिशेब बरोबर होता. सासूबाईंनी तो मानला नाही. चिठ्ठी त्यांच्यासाठीच होती, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. त्यांना फक्त ती सापडायला हवी होती. मी मानला. त्यानंतर घाटावर एखाद्या अनोळखी बाईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, की मला वाटायचं, हीच. तिला काहीतरी मिळायचं राहिलं आहे आणि ते माझ्याकडे आहे, असं ती समजते आहे. पोस्टमन गल्लीत वळला की मी खिडकीतून मागे सरायची. ती चिठ्ठी मी मनात इतक्या वेळा वाचली होती, की तिच्यातली अक्षरं मला ओळखू यायची. मायना दर वेळी धुरकट असायचा.

त्यांचे एक सहकारी, गाजीपूरकडचे, वयाने त्यांच्याहून थोडे लहान, शेतावर राहिलेल्या त्यांच्या वस्तू घेऊन आले होते. लोकरीचा कोट, गमबूट, चष्म्याचं घर. कोटाच्या अस्तराला सासूबाईंनी त्यांच्यासमोरच हात घातला. ते बिचारे संकोचून उठले.

"चिट्ठी-विट्ठी तो हमने नहीं देखी, माताजी," ते म्हणाले. मला जिन्यात म्हणाले, "भाभी, इस साल भैया वाला ट्रायल भी बिगड़ गया." कसा बिघडला, ते मी विचारलं नाही. मोहरीशी माझा संबंध संपला, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी मुलींच्या एका शाळेत शिकवायला लागले. सासूबाईंनी घर वर्षातून एकदा तरी पुन्हा उपसलं. मार्गशीर्षात श्राद्ध व्हायचं. दीर पाणी देऊन ओल्या धोतराने घरी यायचे, आणि सासूबाई माझ्याकडे बघायच्या. तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. पाणी दिलं, आता? असं ते बघणं असायचं. मला त्या नजरेची इतकी धास्ती बसली, की तिथी जवळ आली की मला झोपेत पुस्तकं झटकल्याचा आवाज यायचा. खोलीत तिसरं कोणी आहे आणि ते अवघडून उभं आहे, निरोप पोचल्याशिवाय त्याला बसता येत नाही, असं आम्हा दोघींनाही वाटत असे. आम्ही त्याबद्दल बोललो नव्हतो. पण यजमानांच्या खुर्चीवर कपडे टाकायचं मी सोडलं, आणि सासूबाईंनीही सोडलं.

तिसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला माझा मोठा भाऊ आला. आमचं माहेर वऱ्हाडातलं. वडील गेल्यापासून शेत तोच बघायचा. नवी विहीर लागली तेव्हापासून तो जवसाला पाणी द्यायला लागला होता आणि त्याचं फार कौतुक सांगायचा. मधल्या काळात त्याला येणं जमलं नव्हतं, म्हणून या खेपेला मुद्दाम आला, पण जीव अर्धा शेतात.

श्राद्ध झालं, जेवणं झाली. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. सासूबाई वाती वळत होत्या. भाऊ भिंतीला टेकून सुपारी कातरत होता.

"चार दिवस राहा आता," सासूबाई म्हणाल्या. "आल्यासारखं सारनाथ बघा, रामनगर बघा."

"नाई जमत, मावशी. जवस उभं हाये तिकडं. गड्याले बजावून आलो, पाणी दिल्यावर खत देजो, इसरू नको. देते का नाई देते, त्यालेच मालूम."

सासूबाईंचा हात थांबला.

"कोणाला?" त्या म्हणाल्या.

"काय कोनाले?"

"खत. पाणी दिल्यावर खत, म्हणालात ना? कोणाला द्यायचं?"

"जवसाले!" भाऊ हसायला लागला. "आनखी कोनाले देईन? गड्याच्या सासूले थोडंच?"

सासूबाई हसल्या नाहीत. "खत म्हणजे खाद?"

"खाद म्हना का खत म्हना, युरियाच तो."

मला अजून काही कळलं नव्हतं. मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मांडीवरच्या वाती त्यांनी एकेक करून खाली ठेवल्या, सगळ्या एका दिशेने.

"आई?" मी म्हणाले.

"आयाने खतच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तिने म्हटलंच नव्हतं. 'पानी देके खत दे देना, भुलाना मत.' असं म्हणाली. भोजपुरी बाई. इकडे खाद वेगळं, खत म्हणजे पत्र; ती खत म्हणते, म्हणजे मी काय समजणार? मी तुला चिठ्ठी सांगितलं."

भाऊ एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला चिठ्ठीचं काही माहीत नव्हतं. मी ते कधी माहेरी लिहिलं नव्हतं. काय लिहिणार होते?

तीन वर्षं मी एका अशा शब्दाच्या मागे होते, जो कोणी उच्चारलाच नव्हता. ज्या क्षणी खरा शब्द माझ्या कानावर पडला, त्या क्षणी तो कोणाचा होता तेही कळलं. तो माझा होता. लग्नानंतर पहिल्यांदा शेतावर गेले, तेव्हा मी विचारलं होतं, यांना खत कधी देता? ते इतके हसले होते की सायकल बांधावर आडवी झाली. "तुमच्या वऱ्हाडात पिकाला पत्रं पाठवतात का? वाचायला येतं त्याला?" काशीत जन्मलेला मराठी माणूस, त्यांच्या घरात, शेतात, विद्यापीठात सगळीकडे खादच म्हणत. खत म्हणजे चिठ्ठी. मग ती आमची थट्टा झाली. "आज खतं टाकून आलो," ते संध्याकाळी मला स्वयंपाकघराच्या दाराशी हळूच सांगायचे. हळूहळू त्यातली थट्टा गेली आणि नुसता शब्द राहिला. माझ्याशी बोलताना खत, बाकी जगाशी खाद. मीही काशीत राहून इतरांशी खाद म्हणायला शिकले होते.

हे मी त्या दुपारी बोलले नाही. भाऊ होता. आणि सासूबाई वेगळ्याच गोष्टीपाशी पोचल्या होत्या.

"मग ते दिलं का कोणी?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"खत, गं. त्याने सांगितलं होतं, भुलू नका. दिलं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं, पण सहकाऱ्यांचं जिन्यातलं ते वाक्य आठवलं, ट्रायल बिगड़ गया.

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी रिक्षाने विद्यापीठाच्या शेतावर गेलो. सासूबाई तिथे त्याआधी कधी आल्या नव्हत्या. मुलगा चिखलात काम करतो, हे त्यांना फारसं आवडत नसे. शिकून हेच का, असं त्या म्हणायच्या. मोहरी गुडघ्याएवढी झाली होती. फुलं यायला अवकाश होता. हवेत धुकं होतं, आणि ओळींच्या टोकाला कोणी वाकून उभं आहे असं मला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा ती खुंटी होती.

ते सहकारी आता त्याच कामावर होते. त्यांनी आम्हाला पाहून डोक्याचा मफलर काढला. सासूबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"बेटा, जिस साल वो गया, उस साल पानी के बाद खाद डाली थी?"

मग त्यांनी सांगितलं. यजमानांना ताप चढला, तेव्हा पहिल्या पाण्याची वेळ आली होती. पाणी सोडलं होतं, सगळ्या ठरलेल्या चौकोनांना पोचलं होतं. जमीन पाय ठेवण्याजोगी झाली की नत्राचा उरलेला हप्ता टाकायचा होता. पण तोवर ते अत्यवस्थ झाले. जो तो इस्पितळात, मग घाटावर, मग सुतक असल्यासारखं कोणाचंच मन कामात नव्हतं.

"जब याद आया, फूल आ गया था, माताजी. मिट्टी फिर सूख गई थी. तब डालने का कोई मतलब नहीं था. नीचे के पत्ते सब पीले. पैदावार कटी तो सही, पर हमने उस साल का आँकड़ा छोड़ दिया."

"म्हणजे नाही दिलं," सासूबाई मला म्हणाल्या. सहकारी मराठी नसूनही त्यांना ते कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

मला वाटलं, त्या रडतील. त्या उठल्या आणि शेताकडे बघत म्हणाल्या, "तो अब दूँगी."

"माताजी?"

"वचन दिया था. कावळ्याला..." त्यांना हिंदी शब्द सापडेना. "उसको वचन दिया था कि पहुँचा देंगे. तुम मुझे खाद दो."

ते माझ्याकडे बघू लागले. "ये ट्रायल है, माताजी," ते शक्य तितक्या हळू म्हणाले. "एक मुट्ठी भी इधर की उधर हो गई, तो साल भर की मेहनत..." आणि मग थांबले. थोडा वेळ हनुवटी खाजवली. "किनारे वाली कतार में डाल दीजिए. वो गिनती में नहीं आती."

प्रत्येक चौकोनाच्या कडेच्या ओळी ते मोजत नसत, हे मला ठाऊक होतं. कडेच्या झाडांना शेजारच्या चौकोनाचं पाणी, खत, ऊन काहीबाही लागतं, म्हणून त्यांचं उत्पन्न वेगळं कापून बाजूला ठेवतात.

"गिनती से हमें क्या करना है," सासूबाई म्हणाल्या.

पाणी दोन-चार दिवसांपूर्वीच दिलेलं होतं. माती ओली होती, पण पायाला चिकटत नव्हती. त्यांनी चपला बांधावर काढल्या. सहकाऱ्यांनी एका टोपल्यात थोडा युरिया आणून दिला, साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. सासूबाईंनी मूठ भरली आणि ओळीपाशी वाकून तळहात अंगठ्याच्या बाजूला कलता केला, घाटावर पितरांना पाणी सोडतात तसा. दाणे एकाच जागी, झाडाच्या बुंध्याशी पडले.

"ऐसे नहीं, माताजी! जल जाएगा. दूर-दूर छींटिए, जड़ से हटाकर."

"मग कसं?"

मी पुढे झाले. त्यांचं मनगट धरून मी त्यांना दाखवलं. दोन ओळींच्या मधे, हात हलता ठेवून, पानांवर न पडता. ते मला यजमानांनी शिकवलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, तसंच मी सासूबाईंचं धरलं आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि मग मला हात सोडता येईना. आम्ही दोघी तशाच ती ओळ संपेपर्यंत गेलो. धुक्यामुळे तळवे दमट झाले होते. दाणे विरघळत होते आणि हात गार पडत होते, एखाद्याने आतून धरल्यासारखे.

"केवढं थंड आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

टोपलं रिकामं झालं. त्यांनी हात मातीला पुसले, पदराला नाही. मग त्या ओळीच्या टोकाशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. त्यांनी काय सांगितलं, ते मी ऐकलं नाही.

मला वाटत होतं, चिठ्ठी नव्हतीच हे एकदा नक्की झालं, की घर मोकळं होईल. परतताना रिक्षात मला जाणवलं की तसं काही होणार नाही. इतकी वर्षं आम्हाला निदान वाट बघायला काही होतं. सासूबाईंना तर पुष्कळच. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं, आणि ते आज ना उद्या निघणार होतं. ते मी आणि माझ्या भावाने मिळून त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. काकूंची दूरची बाई त्या दुपारी गेली, तिला मी पुन्हा कधी घाटावर पाहिलं नाही. पण त्या खुर्चीजवळ उभं असलेलं माणूस आता कोणत्या कारणाने उभं राहील, हे मला कळत नव्हतं, आणि ते निघून जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

विद्यापीठाबाहेरचा लंका भाग मागे पडला. सासूबाई समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"माझ्याशी तो खाद म्हणायचा," त्या म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळ्यांशीच खाद म्हणायचा. लहानपणापासून. खत हा शब्द आमच्या घरात चिठ्ठीलासुद्धा कोणी वापरत नाही. तो तुझा शब्द."

"ते तापात होते, आई. तापात माणूस कोणाशी बोलतं, कोण सांगणार?"

"मला नको समजावू. आयाने त्याच्या कपाळावर हात ठेवला असेल. त्याला वाटलं, तू बसली आहेस." त्यांचा आवाज हलला नाही. "मी बाहेर बाकावर होते. त्याला वाटलं, तू."

मी त्यांचा हात धरायला गेले. तो अजून गार होता. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडेही दिला नाही. तो तसाच मांडीवर पडून राहिला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. पुढे पायीच जायचं. एक गाय आडवी बसली होती, तिच्या बाजूने आम्ही एकामागून एक निघालो, त्या पुढे, मी मागे. चालता चालता, वळून न बघता, त्यांनी विचारलं, "आणखी काय काय म्हणायचा तुझ्याशी?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडचे शब्द. आज ज्यावर चपला काढल्या, त्याला आम्ही मेंड म्हणतो. त्याला काय म्हणायचा?"

तो शब्द मी ते गेल्यापासून तोंडाबाहेर काढला नव्हता, आणि मनात तो आला तो माझ्या आवाजात नव्हे.

"धुरा," मी म्हणाले.

"धुरा," त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या चढल्या. भिंतीला हात लावून श्वास घेतला.

"आणि?"